मोठ्या लाकडी पृष्ठभागावर डाय एकसारखा कसा चढवावा

दोन फुटांच्या पाटाला किंवा चौरंगाला डाय, म्हणजे लाकडात मुरणारा पातळ रंग, दिला, तर तो बहुधा चांगलाच दिसतो. त्याच हाताने आणि त्याच डायने सात फूट उंचीचे सागवानी दार, माडीवरची तक्तपोशी किंवा आठ बाय चारच्या व्हिनियर प्लायचे कपाट करायला घेतले, की मधोमध गडद पट्टे उमटतात, कडा काळवंडतात आणि दाराच्या एका झडपेचा रंग दुसरीशी जुळत नाही. लहान तुकडा पूर्ण ओला असतानाच पुसून होतो, मोठ्या पृष्ठभागाचे तसे होत नाही. दुसऱ्या टोकाला पोहोचेपर्यंत पहिले टोक वाळलेले असते, आणि वाळलेल्या कडेवर ओला डाय पुन्हा चढला की तेथे दोन हातांचा रंग बसतो. म्हणून सांध्यापासून सांध्यापर्यंतचा सलग भाग एकाच वेळी पूर्ण ओला करणे, तो काही मिनिटे ओला ठेवणे आणि ओला असतानाच पुसून घेणे, एवढ्यावर एकसारखेपणा अवलंबून आहे. पुढची सगळी तयारी त्यासाठीच करायची आहे.

डाय कोणता घ्यावा

डाय द्रवात पूर्ण विरघळतो आणि लाकडाच्या तंतूंत शिरतो. रंगद्रव्याचे, म्हणजे पिगमेंटचे, कण विरघळत नाहीत. ते लाकडाच्या छिद्रांत आणि पॉलिश पेपरच्या ओरखड्यांत अडकून बसतात. दुकानात ‘वुड स्टेन’ या नावाने मिळणाऱ्या मालात पुष्कळदा दोन्ही असतात. बाटली रात्रभर न हलवता ठेवून तळाशी गाळ बसतो का ते पाहिले, तर पिगमेंट आहे की नाही हे कळते.

डायचे पाण्यात विरघळणारा आणि स्पिरिटमध्ये विरघळणारा असे दोन प्रकार नेहमीच्या वापरात आहेत. स्पिरिटचा डाय बघता बघता वाळतो. स्प्रे गनचा सराव असलेल्या पॉलिश मेस्त्रीला ती सोय वाटते, परंतु ब्रशने किंवा फडक्याने मोठे दार करणाऱ्याला त्यामुळे ओली कड सांभाळताच येत नाही. शिवाय त्यावर फ्रेंच पॉलिशचा बोळा फिरवला, की पॉलिशमधले स्पिरिट खालचा डाय सोडवून ओढून नेते. हाताने काम करणाऱ्याने मोठ्या पृष्ठभागासाठी पाण्याचाच डाय घ्यावा, असे माझे स्पष्ट मत आहे. तो सावकाश वाळतो, चुकला तर ओल्या फडक्याने बराचसा मागे घेता येतो आणि त्यावर लाखेचे पॉलिश चढवताना सहसा हलत नाही. लाकडाचे बारीक रुवे उभे राहतात, हा त्याचा एक दोष. त्यावरचा उपाय पुढे दिला आहे. साधे ॲनिलिन डाय उन्हाने फिके पडतात, त्यामुळे पश्चिमेकडे तोंड असलेल्या पडवीच्या दारासाठी मेटल कॉम्प्लेक्स प्रकारचा डाय निवडणे बरे. तोही कायमचा टिकतो असे नाही, पण तुलनेने बराच टिकाऊ असतो.

ऋतू आणि जागा

आपल्याकडे घराची दारे नव्याने करून घेण्याची घाई गणपतीच्या आधी होते. डायसाठी मात्र वर्षातला तो सर्वांत वाईट काळ आहे. बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर, जांबोटी, कणकुंबी या पट्ट्यात जून ते सप्टेंबर लाकूड हवेतली ओल पिऊन फुगलेले असते, डाय रात्रभरात वाळत नाही आणि त्यावर घाईने पॉलिश चढवले तर ओल आत अडकून पांढरट झाक येते. याउलट त्याच जिल्ह्यातल्या अथणी, कागवाडकडच्या कोरड्या भागात एप्रिल-मेमध्ये काम काढले, तर अर्धे दार होईपर्यंत सुरुवातीची कड वाळून जाते. वळवाच्या दिवसांत तर एकाच दिवशी सकाळी कोरडी आणि दुपारी दमट हवा मिळते. तेव्हा जोडदाराची एक झडप सकाळी आणि दुसरी संध्याकाळी करू नये. दिवाळीनंतर होळीपर्यंतचे दिवस या कामाला उत्तम. उन्हाळ्यातच करणे भाग असेल तर सकाळी लवकर, खिडक्या लावून आणि पंखा बंद ठेवून करावे, आणि कामावर थेट ऊन पडू देऊ नये. एका बाजूने वारा लागला तरी ती बाजू आधी वाळते आणि तेवढाच फरक रंगात दिसतो.

लाकूड ओळखणे

नव्या सागात गाभ्याचे तपकिरी आणि बाहेरचे पांढरट लाकूड एकाच फळीत आलेले असते. संपूर्ण फळीला एकच डाय दिला तर हा फरक जात नाही, फक्त दोन्ही भाग गडद होतात. अशा वेळी पिवळसर तपकिरी, अगदी पातळ डाय आधी फक्त पांढऱ्या भागाला ब्रशने द्यावा, सीमारेषेवर तो ओल्या ब्रशने विरवावा, आणि वाळल्यावर मग सगळ्या फळीला मुख्य डाय द्यावा. सागात अंगचे तेलही असते. त्यामुळे पॉलिश पेपर मारून झाल्यावर लाकूड आठवडाभर तसेच न ठेवता शक्यतो एक-दोन दिवसांत डाय द्यावा. पाणी पृष्ठभागावर पसरत नसून त्याचे थेंब होत असतील, तर डायच्या एका लिटरमध्ये भांडी घासण्याच्या लिक्विडचा एकच थेंब टाकावा.

बिबळ्याची, म्हणजे आपल्या वखारींत मिळणाऱ्या होन्नीची, गोष्ट वेगळी आहे. तिचा गाभा पाण्यात स्वतःचाच पिवळट रंग सोडतो. हे न तपासता पाण्याचा डाय दिला, तर लाकडाचा सुटलेला रंग डायमध्ये मिसळून ठिकठिकाणी वेगळी छटा उमटते. ओले पांढरे फडके दोन मिनिटे दाबून धरावे. त्यावर पिवळा डाग आला, तर त्या लाकडापुरता स्पिरिटचा डाय स्प्रेने द्यावा किंवा डायचा विचारच सोडून नुसते पॉलिश करावे. होन्नीचा मूळ रंग इतका सुंदर असतो की मला दुसरा मार्ग अधिक पटतो.

आंबा, सिल्व्हर ओक आणि पाइन ही लाकडे डाय ठिकठिकाणी कमीअधिक पितात. त्यांना आधी लाखेचा पातळ हात लागतो. एका लिटर स्पिरिटमध्ये ६० ते १२० ग्रॅम लाख विरघळवून ती दोन-तीन दिवस स्थिर ठेवावी. मेण तळाशी बसते, आणि वरचा निवळ भाग हलकेच ओतून घ्यायचा असतो. या पातळ लाखेचा एक हात देऊन, वाळल्यावर ३२० नंबरचा पेपर हलकेच फिरवला, की लाकडाची तहान सर्वत्र साधारण सारखी होते. त्यावर पाण्याचा डाय थोडा फिका बसतो, म्हणून नमुना त्याच तयारीवर घ्यावा. आडव्या कापाची टोके, उदाहरणार्थ दाराच्या वरच्या-खालच्या कडा आणि टेबलाचे काठ, तर कोणत्याही लाकडाची असली तरी जास्त पितात. त्यांना हाच हात द्यावा आणि पेपरही एक नंबर बारीक मारावा.

पृष्ठभागाची तयारी

जुन्या वाड्याचे दार असेल तर आधीचे पॉलिश पूर्ण निघालेच पाहिजे. अर्धवट निघालेले पॉलिश नुसत्या डोळ्यांना दिसत नाही. दाराच्या प्रत्येक वीतभर जागेवर पाण्याचा एक थेंब टाकून तो किती वेळात शोषला जातो हे पाहावे. जिथे थेंब गोल बसून राहतो तिथे पॉलिश, मेण किंवा तेल आहे. देवघराच्या दारावर समईच्या तेलाचा हात आणि काजळी बसलेली असते, तर उंबरठ्याच्या आणि चौकटीच्या खालच्या भागात वर्षानुवर्षांचे तेल आणि हळदीकुंकू मुरलेले असते. तेल थिनरमध्ये भिजवलेल्या स्वच्छ फडक्याने, फडके वारंवार बदलत, काढावे. हळदीचा डाग साबणाने किंवा सोड्याने धुऊ नये, कारण त्याने तो लाल होतो. दार उतरवून चार-सहा दिवस उन्हात ठेवले तर हळदीचा पिवळेपणा आपोआप उडतो. मात्र उन्हातून आणलेले दार पूर्ण निवल्याशिवाय डायला घेऊ नये.

लोखंडी खिळे, पट्ट्या आणि कड्या यांच्याभोवती जुन्या लाकडात निळसर काळे वलय असते. ओलसर लोखंड आणि लाकडातील टॅनिन हा तुरट घटक यांची ती प्रक्रिया आहे, आणि ऐन म्हणजे मत्तीसारख्या टॅनिनयुक्त लाकडात ती ठळक दिसते. पेपर मारून हे डाग जात नाहीत. त्यावर ऑक्झॅलिक ॲसिडचे पाणी चालते. मात्र ते डागापुरते न लावता संपूर्ण फळीला लावावे, कारण नुसता डाग उजळला तर त्याचेच एक फिकट वर्तुळ डायखाली दिसू लागते. हे ॲसिड विषारी आहे. हातमोजे आणि चष्मा वापरावा, नंतर भरपूर स्वच्छ पाण्याने धुवावे आणि धुऊन वाळल्याशिवाय पेपर मारू नये, कारण त्याची धूळ नाकातोंडात जाणे धोक्याचे असते. लोखंड आणि टॅनिन यांच्या याच प्रक्रियेमुळे डाय कालवायला लोखंडी घमेले घेऊ नये आणि तयारीत कुठेही लोखंडी किस, म्हणजे स्टील वूल, वापरू नये.

सांध्यातून बाहेर आलेला फेव्हिकॉल हा नव्या फर्निचरचा मोठा शत्रू आहे. तो वाळल्यावर पारदर्शक होतो आणि डाय दिल्यावर तेथे पांढरट ठिगळ राहते. सगळा पृष्ठभाग ओल्या फडक्याने पुसून तिरक्या उजेडात पाहिला, की गोंद लागलेली जागा फिकी आणि चकचकीत दिसते. तेथे पेन्सिलीने खूण करून धारदार पटाशीने तो खरवडून काढावा. व्हिनियरच्या प्लायवर हेच काम फार जपून करावे, कारण वरचा पापुद्रा पुष्कळदा अर्ध्या मिलिमीटरहूनही पातळ असतो.

पॉलिश पेपरचा क्रम १००, १५०, १८० आणि शेवटी २२० असा ठेवावा आणि कोणताही नंबर गाळू नये. एकसारखेपणासाठी याहून महत्त्वाची गोष्ट अशी, की आडव्या कापाची टोके सोडता संपूर्ण कामावर, जोडदाराच्या दोन्ही झडपांवर आणि चौकटीवरही, शेवटचा नंबर एकच असला पाहिजे. जिथे पेपर खरखरीत राहिला तिथे डाय गडद बसतो आणि जिथे तो जास्त बारीक झाला तिथे फिका. मशीनने घासले असेल तर शेवटचा २२० हातानेच, लाकडाच्या रेषांच्या दिशेने मारावा; मशीनची बारीक वर्तुळे कोरड्या लाकडावर दिसत नाहीत, डाय दिल्यावर मात्र एकूण एक दिसतात.

यानंतर सगळे लाकूड स्वच्छ पाण्याने ओले करून रात्रभर वाळू द्यावे. रुवे उभे राहतात, हाताला काटेरी लागतात. दुसऱ्या दिवशी नव्या २२० किंवा ३२० पेपरने अगदी हलक्या हाताने तेवढे रुवे छाटावेत. खोल घासले तर आतून नवे रुवे निघतात. हे एकदा केले की पाण्याच्या डायने पुन्हा फारसे रुवे उभे राहत नाहीत.

नमुना आणि डाय कालवणे

ज्या फळीचे काम त्याच फळीचा तुकडा नमुन्याला घ्यावा आणि वरची सगळी तयारी त्यावरही करावी. भुकटीचा डाय साधारण ३० ग्रॅमला एक लिटर या प्रमाणात पूर्ण तीव्रतेचा होतो, तरी पाकिटावरचे प्रमाण आधी पाहावे. पूर्ण तीव्रतेचा, मग पाणी वाढवत निम्म्या आणि चतुर्थांश तीव्रतेचा, असे तीन नमुने करावेत, त्यांवर जे पॉलिश चढवायचे आहे तेही चढवावे आणि मगच छटा ठरवावी. कोरडा डाय निस्तेज आणि खडूसारखा दिसतो. पॉलिशनंतरचा रंग त्यावरून कळत नाही. मोठ्या पृष्ठभागासाठी हव्या असलेल्या रंगाच्या निम्म्या तीव्रतेचा डाय दोनदा द्यावा, कारण पातळ डायमध्ये थोडाफार उणा-अधिक हात पडला तरी फरक डोळ्यांत भरत नाही.

बोअरच्या पाण्यात लोह असू शकते, त्यामुळे डिस्टिल्ड पाणी घ्यावे. पाणी गरम करून त्यात भुकटी ढवळावी, पूर्ण थंड होऊ द्यावे आणि तलम सुती कापडातून दोनदा गाळावे. एकही न विरघळलेला कण राहिला तर पुसताना त्याची लांब रेघ ओढली जाते. भुकटी हाताळताना तोंडाला मास्क लावावा. सर्वांत महत्त्वाचे म्हणजे संपूर्ण कामाला पुरून उरेल एवढा डाय एकाच बादलीत, एकाच वेळी कालवावा. अर्ध्यावर संपल्यावर नव्याने कालवलेला डाय मोजून केला तरी तंतोतंत जुळत नाही.

प्रत्यक्ष डाय देणे

या कामाला दोन माणसे हवीत, एक ओले करणारा आणि एक पुसणारा. ओले करायला मोठा स्पंज, चार इंची मऊ ब्रश किंवा दोन लिटरचा फवारणीचा हातपंप चालतो. पंप नवा असावा; द्राक्षबागेत किंवा उसात औषध मारलेला पंप कितीही धुतला तरी वापरू नये. पुसायला जुन्या धोतराचे किंवा सुती साडीचे, अनेकदा धुतलेले कापड सर्वांत चांगले, आणि ते ढीगभर आधीच फाडून ठेवावे. दोघांनीही रबरी हातमोजे घालावेत.

दार शक्य असेल तर बिजागरीतून काढून सुताराच्या लाकडी घोड्यांवर आडवे ठेवावे. प्रथम स्वच्छ पाण्याने सगळा पृष्ठभाग ओलसर करून जादा पाणी टिपून घ्यावे. लाकूड आधीच थोडे प्यायलेले असले की डाय एका जागी एकदम ओढला जात नाही. मग पहिल्या माणसाने भरपूर डाय घेऊन, एका लांब कडेपासून सुरुवात करून, या टोकापासून त्या टोकापर्यंत न थांबता पट्टे टाकत जावे. येथे डायची काटकसर करू नये. लाकडावर डाय डबक्याप्रमाणे उभा दिसला पाहिजे, कारण लाकूड स्वतःला हवे तेवढेच पिते आणि बाकीचे आपण काढून घेणारच आहोत. पूर्ण दार ओले झाले की जिथे चमक कमी होताना दिसेल तिथे लगेच पुन्हा डाय द्यावा आणि अशा रीतीने तीन ते पाच मिनिटे सगळीकडे सारखीच चमक राखावी. ही चमक एका बाजूने विझत जाताना तिरक्या उजेडात स्पष्ट दिसते. खिडकीच्या समोर, डोळे पृष्ठभागाच्या पातळीवर आणून पाहत राहावे.

नंतर दुसऱ्या माणसाने डायमध्ये भिजवून घट्ट पिळलेल्या कापडाने जादा डाय टिपावा. कोरडे कापड पहिल्यांदा टेकले तर तेथून जास्त रंग उचलला जातो, म्हणून ते आधी भिजवायचे. शेवटी स्वच्छ कापडाने रेषांच्या दिशेने, पूर्ण लांबीचे, एकसारख्या दाबाचे हात मारावेत आणि मध्ये कुठेही हात उचलू नये.

पॅनेलचे दार असेल तर आधी आतली पॅनेल, मग आडव्या पट्ट्या आणि शेवटी उभ्या पट्ट्या करावयाच्या. प्रत्येक सांध्याशी रेषांची दिशाच बदलते, त्यामुळे तेथे थांबल्याचा मागमूस राहत नाही. नक्षीच्या खोलगट भागात साचलेला डाय कोरड्या ब्रशने टिपून घ्यावा. तक्तपोशीतही हाच न्याय लागू आहे. एकेक फळी भिंतीपासून भिंतीपर्यंत पुरी करावी आणि थांबायचेच झाले तर फळीच्या सांध्यावर थांबावे.

काढता न येणारी चौकट, भिंतीचे लाकडी पॅनेल किंवा जागेवर बसवलेले कपाट असे उभे काम खालून वर करत जावे. वरून सुरुवात केली तर ओघळ खालच्या कोरड्या लाकडावर उतरतो आणि त्याची गडद रेघ पुढे कितीही डाय दिला तरी राहते. खालून आले तर ओघळ ओल्या लाकडावर पडतो आणि त्यात मिसळून जातो. पुसताना मात्र वरून खाली यावे.

वाळल्यानंतर

पहिला हात रात्रभर वाळू द्यावा, दमट हवेत पूर्ण २४ तास. अर्धवट वाळलेले लाकूड नेहमीच डागाळ दिसते, त्यामुळे त्या अवस्थेत दुरुस्ती करू नये. वाळल्यावरही फरक दिसला तर ओल्या स्पंजने पृष्ठभाग ओला करून पाहावा, कारण पॉलिशखालचा रंग साधारण तसा दिसतो. पुष्कळ डाग तेथेच नाहीसे होतात. उरलेला गडद पट्टा काढण्यासाठी त्या संपूर्ण पॅनेलला कोमट पाण्याने भिजवून, पट्ट्यावर जरा जास्त दाब देत, शेवटी पूर्ण लांबीचे हात मारत पुसावे. फिकी जागा चतुर्थांश तीव्रतेच्या डायने, जवळजवळ कोरड्या ब्रशने, हलकेच भरावी. त्यानंतर दुसरा हात पहिल्याप्रमाणेच द्यावा.

पॉलिशआधी डायवर पेपर मारण्याचा मोह टाळावा. कडांवर डाय पटकन घासला जातो आणि लाकूड उघडे पडते. आधी वर सांगितलेल्या, मेण काढून निवळलेल्या लाखेचा पातळ हात, शक्यतो स्प्रेने नाहीतर मऊ ब्रशने एकाच दिशेने, मागे-पुढे न घासता द्यावा. तो वाळल्यावर वापरून मऊ झालेला ४०० नंबरचा पेपर फिरवून उरलेले रुवे काढावेत. त्यावर फ्रेंच पॉलिश, मेलामाइन किंवा पीयू (पॉलियुरेथेन), जे ठरले असेल ते चढवता येते. पाण्यावर आधारलेले पॉलिश द्यायचे असेल तर हा निवळ लाखेचा हात अनिवार्य आहे, कारण त्याशिवाय पॉलिशमधले पाणी डाय पुन्हा विरघळवते आणि ब्रशबरोबर रंग सरकतो.

उरलेला डाय प्लास्टिकच्या बाटलीत भरून त्यावर तारीख, प्रमाण आणि लाकडाचे नाव लिहावे, आणि नमुन्याच्या फळीच्या मागे पेपरचा शेवटचा नंबर व हातांची संख्या पेन्सिलीने नोंदवून ठेवावी. चौकटीचा एखादा भाग पुढे वाळवीमुळे बदलावा लागला, तर नव्या लाकडाचा रंग जुळवणाऱ्या मेस्त्रीला हीच नोंद लागते.